खोराट्यांच्या लग्नाचा रोल

छत्तीस फोटोंचा रोल कधी कधी सदतिसावा फोटो देतो. नशीब जोरावर असेल तर अडतिसावाही देतो. त्यापुढं लेव्हर अडते. चाळिसावा फोटो काढून मी लेव्हर ओढली आणि ती लोण्यातून यावी तशी अलगद आली, तेव्हा माझ्या पाठीला घाम सुटला.

समोर पाटावर सुवर्णा खोराटे आणि तिचा नवरा संग्राम मुळीक बसले होते. अक्षता पडून गेल्या होत्या. हार घालून झाले होते, कन्यादान झालं होतं, मंगळसूत्र बांधून झालं होतं. हे सगळं माझ्या कॅमेऱ्यात आहे असं मांडवातली सगळी माणसं धरून चालली होती, मीसुद्धा.

कॅमेरा छातीशी धरून मी आचाऱ्यांच्या चुलीमागं गेलो आणि रोल उलटा गुंडाळायची चक्री फिरवून बघितली. ती भिंगरीसारखी मोकळी फिरली. रोल पुढे सरकला असता तर हाताला ओढ लागली असती. मग कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. रोल डबीत जसाच्या तसा होता. बोटभर टोक तेवढं बाहेर आलं होतं. मला जीभ दाखवून बसला होता.

तीस वर्षं मी रोल भरत आलो होतो. डोळे मिटून भरायचो, आणि तसं लोकांना करून दाखवायचोही. टोक पलीकडच्या खाचेत अडकवायचं, लेव्हर ओढायची आणि डावीकडची चक्री आपोआप फिरते का ते बघायचं. फिरली की रोल लागला. इतकंच बघायचं असतं. त्या दिवशी मी ते बघितलं नाही, कारण रोल भरताना मी बायकोशी भांडत होतो.

भांडण डिजिटल कॅमेऱ्यावरून होतं. गारगोटीत स्टँडच्या मागं आमचा स्टुडिओ होता. मी फोटो काढायचो आणि मालन ते दुरुस्त करायची. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करून ती लोकांच्या गालावरचे देवीचे वण घालवायची, मिटलेले डोळे उघडायची. तालुक्यातल्या किती पोरींची लग्नं तिच्या पेन्सिलीने जमली, हे त्या पोरींच्या सासरी अजून माहीत नाही. तर आमच्या जावयाने पुण्याहून एक डिजिटल कॅमेरा आणि एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. मी दोन्हीकडे पाठ केली. मालन मात्र लेकीकडून फोनवर विचारून विचारून सगळं शिकली.

महादेव खोराटे माझा जुना मित्र. त्याची पिठाची गिरणी होती. सुवर्णाचं लग्न ठरल्यावर तो स्टुडिओत आला आणि पाहुणे डिजिटलवर काढा म्हणतायत, असं जरा चाचरत म्हणाला. मी त्याला बसवून घेतलं आणि माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. डिजिटल म्हणजे पाटीवर लिहिणं, रोल म्हणजे दगडात कोरणं. डिजिटलवाला शंभर फोटो काढतो आणि त्यातला एक निवडतो, रोलवाला आधी निवडतो आणि मग काढतो. निगेटिव्ह हातात धरता येतं, डिजिटलचं काय धरणार. हे व्याख्यान मला फार आवडायचं. कुणी विचारलं नाही तरी मी ते द्यायचो.

मालन आतून म्हणाली, "दगडात काय कोरलंय ते बघायला आठ दिवस थांबायला लागतं. तेवढं पण सांगा भावजींना."

मला राग आला. मी महादेवला म्हणालो, या लग्नातला एक फोटो जरी बिघडला तरी रोलचा कॅमेरा कपाटात टाकीन आणि दुकानाची किल्ली हिच्या हातात देईन. महादेव भोळा माणूस. तो म्हणाला, "आनंदा, तू एवढं म्हणतोस तर रोलवरच होऊ दे."

लग्नाच्या दिवशी मालन तो डिजिटल कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेऊन आली. मांडवात मी ऐन अक्षतांच्या आधी नवा रोल भरत असताना मला तो दिसला. माझ्या लग्नात हे खेळणं बाहेर काढायचं नाही, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, तुमचं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, हे सुवर्णाचं आहे. मी काहीतरी बोललो, तीही बोलली, तेवढ्यात वाजंत्री वाढली आणि मी झाकण लावून पळालो.

चुलीमागं उभा राहून मला हे सगळं आठवलं. पण आठवून रोल भरत नाही. मी भटजींना गाठलं. ते केळीच्या पानावर बसायच्या बेतात होते. मी त्यांना हळूच म्हणालो की उजेड कमी होता, जरा अंतरपाट पुन्हा धरला असता तर बरं झालं असतं.

भटजींनी माझ्याकडे वर बघितलं. "एकदा लागलेलं लग्न पुन्हा लागत नाही, आनंदराव. दुसरा नवरदेव आणला असला तर बघू."

पंगतीतली माणसं हसली. मीही हसलो. मग मी जेवणावळीचे फोटो काढले, वरातीचे काढले, आणि दर वेळी लेव्हर ओढल्यावर चक्री फिरते का ते बघितलं. आता ती सारखी फिरत होती. हिशेब असा झाला, की हळद आली, पंगत आली, वरात आली. लग्न तेवढं आलं नाही.

घरी आल्यावर मी कॅमेऱ्याची पिशवी खुंटीला अडकवली आणि गुपचूप बसलो. मालनने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "रोल लागला नव्हता ना?" तिने विचारलं. तिला कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, चुलीमागून बाहेर आलात तेव्हाचा फोटो आहे माझ्याकडं, तोंड बघा म्हणजे कळेल.

म्हणजे तिने फोटो काढले होते. मला एवढा आनंद झाला की मी तिला काहीही बोललो नाही. कॉम्प्युटरपुढे स्टूल ओढून बसलो. तिने वायर जोडली आणि एकेक फोटो उघडायला लागली.

पहिल्या फोटोत माझी पाठ होती. बदामी सफारीतली, भली रुंद. दुसऱ्या फोटोत माझी पाठ आणि मान होती. तिसऱ्यात मी गुडघ्यावर बसलो होतो आणि माझ्या खांद्यावरून सुवर्णाच्या मुंडावळ्या दिसत होत्या. चौथ्यात संग्राम माझ्या काखेतून डोकावत होता. अंतरपाट दूर झाला त्या फोटोत अंतरपाट दिसत होता, भटजी दिसत होते आणि मधोमध मी दिसत होतो. जणू माझंच लग्न लागत होतं. माझ्या डोक्याला मागच्या बाजूला बशीएवढं टक्कल पडलंय हेही मला तेव्हाच कळलं. तोवर ही बातमी माझ्यापर्यंत आली नव्हती.

शंभरावर फोटो होते. सगळ्यांत मी होतो.

"लग्न कुणाचं होतं?" मी विचारलं.

"लग्न तुम्ही काढत होता," मालन म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला काढलं."

मी म्हणालो, निदान एक तरी नवरा-नवरीचा काढायचा. ती म्हणाली, तुम्ही समोरून बाजूला झाला असता तर आले असते ते पण. मग म्हणाली की तिला त्या मांडवात दुसरं कोण नीट ओळखीचं होतं. लोकांची तोंडं तिने आयुष्यभर दुरुस्त केली होती, त्यांचा तिला कंटाळा आला होता.

माझं डोकं चालेना. महादेवला काय सांगायचं. सुवर्णा त्याची एकुलती एक. आई नसलेली पोर. तिच्या लग्नाचा एक फोटो नाही, आणि तो माझ्या व्याख्यानापायी नाही. मी मालनला म्हणालो, मी जाऊन त्याच्या पाया पडतो.

"पाया नंतर पडा," ती म्हणाली. "आधी मी तुम्हाला पुसते."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला पुसायला घेतलं. मी डावीकडे उभा असलेल्या फोटोत उजवीकडचं दिसत होतं, मी उजवीकडे असताना डावीकडचं दिसत होतं. एका फोटोतलं उचलून दुसऱ्यात लावायचं, कडा बसवायच्या, रंग जुळवायचा. जे काम ती पेन्सिलीने करायची तेच आता माऊसने. पण माझ्या पाठीआड काय आहे ते काही ठिकाणी कुठल्याच फोटोत नव्हतं. तिथं ती मला विचारायची. यात तुमच्यापुढं काय होतं, सांगा.

आणि ते मला सांगता येत होतं. मी तिथं उभा राहून बघितलं होतं. संग्रामचा डावा हात नारळाच्या खाली होता, उजवा वर. सुवर्णाने हार घालताना टाचा वर केल्या होत्या, कारण तो उंच. तिचा पदर उजव्या खांद्यावरून सुटला होता आणि तिच्या आत्याने तो मागून धरला होता. कन्यादानाच्या वेळी महादेवने तोंड फिरवलं होतं, ते मी बरोबर टिपलं होतं. म्हणजे टिपलं नव्हतं. मालन विचारत गेली आणि मी सांगत गेलो. चाळीसच्या चाळीस फोटो मी तिला तोंडी दिले. ती म्हणायची, असं होय, आणि तसं बसवायची.

मधेच म्हणायची, "आता कान गेला तुमचा. आता मान गेली." एकदा माझं टक्कल पुसताना म्हणाली की याला दगडात कोरून ठेवायला पाहिजे होतं.

दुकान बंद ठेवून चालेना, म्हणून शेवटचे थोडे फोटो तिने एकटीनेच केले. कोल्हापूरच्या लॅबमधून प्रिंट आले तेव्हा मी भिंग लावून एकेक तपासला. मी फक्त माझं डोकं शोधत होतो. ते कुठं नव्हतं.

अल्बम न्यायला महादेव आला. पानं उलटताना हळदीला, पंगतीला तो हसत होता. कन्यादानाच्या फोटोवर येऊन थांबला. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "बघ की आनंदा. डिजिटलला हे आलं असतं का? रोल तो रोल."

मी मालनकडे बघितलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती. मग तिने मान वर न करता मला डोळ्यांनीच गप्प केलं. महादेव गेल्यावर मी तिला दुकानाची किल्ली दिली. ती म्हणाली, किल्ली राहू दे, त्या खुंटीवरची पिशवी तेवढी कपाटात टाका, धूळ बसते. पुढे आम्ही सगळं डिजिटलवरच केलं. मी शिकलो, पण हळू. ती माझ्या मागं उभी राहून सांगायची.

एकदा मला तिच्यावर रागावायला मिळालं. ते मूळचे फोटो, ज्यात मी होतो, ते बघायची मला हुक्की आली. तर ते नव्हतेच. प्रत्येक फोटो पुसून झाल्यावर तिने तो त्याच नावाने ठेवून दिला होता, म्हणजे आधीचा गेला. उरलेले तिने जागा व्हावी म्हणून काढून टाकले होते. मी म्हणालो, बघ, निगेटिव्ह असं जात नाही. ती म्हणाली, तुम्ही आहात की अख्खे. त्या फोटोंना काय करायचंय.

मालनला जाऊन आता तीन वर्षं होतील. पोटाचं दुखणं होतं, ते वाढत गेलं. कॉम्प्युटर तिच्या आधीच गेला होता. तिच्या पेन्सिली लेकीने नेल्या. घरात तिच्या हाताचं असं काही बघावं म्हटलं तर सगळं काम लोकांच्या घरी, लोकांच्या तोंडावर. कुणाच्या भिंतीपुढं उभं राहून मी म्हणणार, जरा बाजूला व्हा, तुमच्या गालावरचा वण बघू द्या.

म्हणून मला खोराट्यांच्या लग्नाची आठवण झाली. महादेव आता नाही. मी एस.टी.ने उत्तूरला सुवर्णाच्या सासरी गेलो. जुने अल्बम उखडतात, नवीन पानं घालून देतो, असं निमित्त सांगितलं. सुवर्णाने मला काका म्हणून बसवलं, पोहे केले, मालनचा विषय काढून डोळे पुसले आणि अल्बम आणून मांडीवर दिला.

मी एकेक पान बघत होतो. पाठीमागच्या गुलाबी कनातीच्या पट्ट्या कुठं जरा जास्त सरळ होत्या. झेंडूच्या माळेतलं तेच एक फूल तीन ठिकाणी होतं. इथं मी होतो. इथंही मी होतो. सुवर्णाला वाटलं मी तिचे फोटो बघतोय.

हार घालतानाच्या फोटोवर आलो तेव्हा आतून एक म्हातारी बाई आली. संग्रामची चुलती. सगळे तिला काकी म्हणत होते. ती माझ्या शेजारी टेकली आणि फोटोच्या उजव्या कडेला बोट ठेवलं.

"हे आमचं मालक," ती म्हणाली.

मी बघितलं. कनातीपुढं हवेत एक कोपर होतं. बदामी बाहीतलं, वाकवलेलं, वर उचललेलं. खांदा नाही, हात नाही. नुसतं कोपर.

सुवर्णाने सांगितलं की तिचे चुलतसासरे, यशवंततात्या, लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या लावायला बाहेर उभे होते. ऐन अक्षतांना आत धावत आले आणि लगेच परत गेले. कुठल्याच फोटोत आले नाहीत. त्याच थंडीत ते गेले. नंतर अल्बम बघताना काकींना हे कोपर सापडलं.

"अक्षता टाकायला हात वर केलाय न्हवं," काकी म्हणाली. "त्यांची सवयच तशी. कोपर वर काढून टाकायचे. लोक ओरडायचे."

त्या सालात निम्म्या मांडवाच्या अंगात बदामी सफारी होती. पण कॅमेरा डोळ्याला लावल्यावर उजवं कोपर कसं वर येतं, ते मला माहीत आहे. ते माझं कोपर होतं.

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. घरातल्या कुणीतरी तिला आधी शंका बोलून दाखवली असावी. "तुम्ही तिथंच होता की. तुम्ही सांगा. हेच ना ते?"

मी म्हणालो, "तात्याच. माझ्या शेजारीच उभे होते."

काकीने सुवर्णाकडे बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेने. मग तिने मला विचारलं, तेवढंच मोठं करून मिळेल का. भिंतीला लावायचं होतं. तात्यांचा दुसरा फोटो होता तो मिलिटरीतला, पोरगेलासा. म्हातारपणचा हा एवढाच. मी आयुष्यात शेकडो मेलेल्या माणसांचे फोटो मोठे केले होते. ग्रुपमधून कापून, ओळखपत्रावरून, एकदा तर रेशनकार्डावरून. स्वतःच्या कोपराला हार पडायचा योग माझ्या नशिबात होता. मी हो म्हणालो आणि फोटो घेऊन आलो.

घरी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर तो मी स्कॅन करून चढवला आणि मोठा केला. कोपर पुसायचं राहून गेलं असणार, असं मी वाटेत स्वतःला सांगितलं होतं. मी दुकानात असताना केलेल्या फोटोंपैकी असणार, घाई झाली असणार.

पण राहून गेलेलं असं दिसत नाही. राहून गेलेल्याच्या कडा फाटक्या असतात. इथं खांद्यापासून खाली कनातीची एकेक पट्टी आणून तिने बाहीच्या कडेला भिडवली होती. मनगटाच्या बाजूनेही तसंच, सुवर्णाच्या शालूपासून वर येत येत कोपरापाशी थांबली होती. कोपराला चहूबाजूंनी वळसा घातला होता. बाहीची सुरकुतीसुद्धा तशीच ठेवली होती. अख्खा मला पुसायला तिला जितका वेळ लागला असता, त्याच्या दुप्पट वेळ या कोपराला लागला असणार. मग ते मला दाखवायचं तरी. त्यानंतर पंधरा वर्षं एका घरात राहून ती बाई एका शब्दाने बोलली नाही.

मी दोन प्रती काढल्या. एक चौकटीत बसवून उत्तूरला पोचवली. काकीने माझ्यासमोर तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि मला नमस्कार करायला लावला. मी केला.

दुसरी प्रत माझ्या खाटेजवळ लावली आहे. लेक दिवाळीला आली तेव्हा तिने विचारलं, बाबा, हे काय लावलंय.

"तुझ्या आईने काढलेला माझा फोटो," मी म्हणालो.

तिने जवळ जाऊन, चष्मा वर करून बघितलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली.